सांगलीचा हुकूमनामा, बेंगळुरूचा पगार

प्रश्न : व्यवसायासाठी ओळखीतल्या एकाला दिलेले पैसे बुडाले. सांगलीच्या दिवाणी न्यायालयाने माझ्या बाजूने हुकूमनामा (पैसे देण्याचा अंतिम आदेश) दिला. व्याजासह ५ लाख २० हजार येणे आहेत. तो आता बेंगळुरूत खासगी कंपनीत नोकरीला आहे, पगार ४९ हजार. परराज्यातल्या पगारावर जप्ती आणता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : येईल. फक्त आधी एक गोष्ट शोधून काढा : त्याचा पगार काढणारा अधिकारी कुठे बसतो? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४८-अ प्रमाणे खासगी नोकराच्या पगारावर जप्ती आणायची तर तो अधिकारी आदेश देणाऱ्या न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो. माणूस बेंगळुरूत आणि पगार पुण्याच्या मुख्य कार्यालयातून निघत असेल, तर बेंगळुरूची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, इथेच अडते. दुसरी चूक मालकाच्या नावात होते. गळ्यातलं ओळखपत्र एका कंपनीचं आणि पगाराची स्लिप माणसं पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीची, असं सर्रास असतं. स्लिपवर जे नाव असेल तेच दरखास्तीत हवं.

पगार बेंगळुरूतूनच निघत असेल, तर सांगलीच्या न्यायालयात कलम ३९ खाली हुकूमनामा बेंगळुरूच्या न्यायालयाकडे वर्ग करण्याचा (पाठवण्याचा) अर्ज द्या. सोबत जाणारे कागद तीन : हुकूमनाम्याची नक्कल, वसुली झाली नाही किंवा किती बाकी आहे याचा न्यायालयाचा दाखला, आणि अंमलबजावणीचा आदेश आधी झाला असेल तर त्याची प्रत, नसेल तर तसा दाखला. हुकूमनामा मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आत्ताच करून ठेवा. राज्य वेगळं असलं तरी कागद थेट तिथल्या न्यायालयाकडे जातात.

बरेच जण इथेच थांबतात आणि वर्षभर वाट पाहतात. वर्ग झालेला हुकूमनामा आपणहून हलत नाही. बेंगळुरूत वकीलपत्र देऊन नवी दरखास्त दाखल करावी लागते. हुकूमनाम्याची मुदत १२ वर्षांची असते, पण कर्जदार नोकरी कधीही बदलू शकतो, आणि बदलली की नव्या मालकावर नवा आदेश घ्यावा लागतो. पगाराचा तपशील हाती नसेल तर नियम ४१ खाली त्याला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावण्याची मागणी त्याच दरखास्तीत करा.

आता रक्कम. कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. ४९ हजारांतून १ हजार वजा, उरले ४८ हजार. त्याचा तिसरा हिस्सा १६ हजार. महिन्याला एवढेच मिळतील. शिवाय एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात एकूण २४ महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. म्हणजे ३ लाख ८४ हजार पदरात पडतील, १ लाख ३६ हजार आणि पुढचं व्याज बाकीच राहील. म्हणून गाडी, मुदत ठेव, प्लॉट यांचा शोध पहिल्या दिवसापासून घ्या, २४ महिने संपल्यावर नव्हे. भविष्य निर्वाह निधीच्या मागे लागू नका, त्यावर जप्ती येत नाही.

समोरचा वकील एक हरकत नक्की घेईल : अशील कामगार आहे. कामगाराची मजुरी जप्तीतून पूर्ण सुटते आणि त्यात कुशल कामगारही येतो. तेव्हा त्याचं पद आणि कामाचं स्वरूप दरखास्तीत नीट लिहा. पूर्वी कोणा दुसऱ्याची जप्ती त्याच पगारावर चालू असेल, तर मालक तुमचा आदेश तपशिलासह परत पाठवेल. आदेश मिळूनही मालकाने पूर्ण पगार त्याच्या हाती दिला, तर तेवढ्या रकमेला तो स्वतः जबाबदार ठरतो. हे वाक्य आदेशात लिहून मागा, पगार विभाग ते वाचतो.

प्रश्न : नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने पोटगीचा हुकूमनामा दिला आहे. पती बिलासपूरला रेल्वेत आहेत. मलाही हुकूमनामा वर्ग करून घ्यावा लागेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, ताई. रेल्वे, सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या नोकरांना नियम ४८ लागतो. पगार काढणारा अधिकारी हद्दीबाहेर असला तरी नागपूरचं न्यायालय त्याला थेट आदेश पाठवू शकतं. पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांशच सुटतो, दोन तृतीयांशापर्यंत कपात होऊ शकते. दरखास्तीत पतीचं पद, कर्मचारी क्रमांक आणि पगार काढणाऱ्या कार्यालयाचा पूर्ण पत्ता द्या. नुसतं ‘रेल्वे, बिलासपूर’ लिहिलं तर आदेश योग्य टेबलापर्यंत पोचायलाच महिने जातात.