हापूस बिअर टॅपवर छान आणि घरी आणली की फसफसते, याचं कारण

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत हापूस व्हीट (हापूस घातलेली गव्हाची बिअर) प्यायलात, आवडली, म्हणून ग्राउलर (बिअर घरी न्यायची झाकणाची मोठी काचेची बाटली) भरून घरी आणला. तिसऱ्या दिवशी झाकण फिरवलं तर अर्धी बिअर ओट्यावर, आणि उरलेली आंबटसर, आंब्याचा पत्ताच नाही. त्याच बिअरला बाकीच्यांनी पाच-पाच तारे दिलेत, म्हणून तुम्हाला स्वतःच्याच जिभेची शंका येतेय. जीभ ठीक आहे तुमची. हे दुखणं मला नेमकं ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधीच सांगतो, मी कुठल्याही ब्रुअरीशी संबंधित नाही, आणि प्रत्येक ब्रुअरीची पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा आकडे अंदाज म्हणून धरा.

एल, लागर हे बिअरचे प्रकार आणि यीस्ट, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस बनवणारे सूक्ष्मजीव, तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

सगळं घोडं साखरेपाशी अडतं. हापूसच्या पल्पमध्ये साधारण 16 ते 18 टक्के साखर असते. आंबा जाणवावा असं वाटत असेल तर लिटरला किमान 150 ग्रॅम पल्प लागतो, म्हणजे लिटरमागे 25 ग्रॅमच्या आसपास नवी साखर. हा पल्प पहिलं फर्मेंटेशन (आंबणं) ओसरल्यावर टाकीत जातो. यीस्ट पुन्हा जागं होतं आणि ती साखर खायला लागतं. 18 अंशांच्या आसपास याला पाच ते सात दिवस द्यावे लागतात. त्यानंतरच टाकी 1-2 अंशांवर उतरवायची, म्हणजे गाळ बसतो.

चूक होते ती इथेच. आंब्याचा हंगाम मार्चअखेर ते मे. 'आंबा बिअर आली' असा बोर्ड लागलेला असतो, शनिवार-रविवार तोंडावर असतो, टाक्या मोजक्या. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशीच टाकी थंड करतात. थंडीत यीस्ट झोपतं, ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, साखर पचते तशी ती उतरते) स्थिर दिसते आणि बिअर 'तयार' झाली असं समजलं जातं. साखर मात्र तशीच असते. टॅपवर, म्हणजे ब्रुअरीतल्या नळावर, ही बिअर गारच राहते, त्यामुळे काही बिघडत नाही. उलट थोडी गोड, रसाळ, 'वा, काय आंबा आहे' अशी लागते. पाच तारे इथून येतात, आणि ते खोटे नाहीत.

तीच बिअर ग्राउलरमध्ये भरून एप्रिलच्या पुण्यात गाडीच्या डिकीत तासभर फिरली, घरी फ्रिजच्या दारात राहिली, की यीस्ट उठतं आणि काम पुढे सुरू करतं. हिशोब सोपा आहे. ताज्या बिअरमध्ये साधारण अडीच पट गॅस असतो, म्हणजे लिटरभर बिअरमध्ये अडीच लिटर. लिटरमागे दर 4 ग्रॅम साखर पचली की त्यात आणखी एका पटीची भर. नुसती 8 ग्रॅम साखर उरली असेल, तरी आकडा साडेचारवर जातो. ग्राउलरची काच आणि झाकण एवढ्या दाबासाठी केलेलं नसतं. फसफसली यावर भागलं, हे नशीब समजा. काच फुटली असती तर डोळ्यांशी गाठ होती. आणि साखर पचली की गोडवाही गेला. मग आंबा ओळखायचा कशावरून? आंब्याची निम्मी ओळख आपली जीभ गोडव्यावरून करते. राहतो तो थोडा चिकासारखा, थोडा आंबट वास. तुम्ही प्यायलात ती खरं तर पूर्ण झालेली बिअर, फक्त ती तुमच्या फ्रिजमध्ये पूर्ण झाली.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर तो काउंटरवरच्या उत्तराचा. ठिकाणाचं नाव घेणार नाही, पण तक्रार घेऊन गेल्यावर मलाही हेच ऐकवलं गेलं होतं : 'तुम्ही नीट थंड ठेवली नसेल.' पल्प कोणत्या तारखेला घातला, टाकी कधी थंड केली, ग्रॅव्हिटी किती होती, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ब्रुअरशी बोलायचं म्हटलं तर ते 'आत आहेत'. या तीन नोंदी ब्रुअरीच्या वहीत असायलाच हव्यात. अपुरी झालेली बिअर गार आहे तोवरच टिकते. तसं असेल तर ती ग्राउलरमध्ये देऊच नये, टॅपवरच संपवावी. एवढं साधं आहे हे.

खात्री करून घ्यायची असेल तर ग्राउलरमध्ये उरलेल्या बिअरची चाचणी करा. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचा तरंगता मीटर) लागेल. अडीचशे मिली बिअर स्वच्छ सुती कपड्यातून गाळा, नाहीतर पल्पचे कण मीटरला चिकटतात. दोन भांड्यांत पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे ओता, गॅस पूर्ण जाऊ द्या. बुडबुडे राहिले की मीटर वर उचलला जातो आणि आकडा चुकतो. खोलीच्या तापमानाला आली की मोजा, समजा 1.012 आलं. मग तीच बिअर बरणीत घालून चिमूटभर कोरडं यीस्ट टाका, वर फॉइल सैल ठेवा आणि तीन दिवस ओट्यावर राहू द्या. झाकण घट्ट लावू नका. तीन दिवसांनी पुन्हा गॅस काढून मोजा. एका अंकाचा फरक (1.012 चं 1.011) वाचण्यातलाही असू शकतो. दोन अंक म्हणजे साधारण एक पट गॅस. चार-पाच अंक उतरले तर बिअर अर्धवट काढली होती, यात शंका नको. तो आकडा घेऊन जा, मग बघा उत्तर बदलतं का. (ही चाचणी झाली. घरी बिअर बनवणं आपल्याकडे परवान्याशिवाय गुन्हा आहे, तिकडे जाऊ नका.)

आता चवीबद्दल. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. हापूससाठी जर्मन पद्धतीचं हेफेवाइझन (न गाळलेली गव्हाची बिअर) हा पाया मला चुकीचा वाटतो. त्या यीस्टमधून केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, त्यात आंबा गुदमरतो. साधी ब्लाँड एल (फिक्या रंगाची सौम्य एल) किंवा स्वच्छ यीस्टवरची व्हीट, कडवटपणा 10-15 आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), बस. आणि रिव्ह्यूमध्ये 'आंब्याचा जबरदस्त वास' लिहिलेल्या कित्येक आयपीएमध्ये (हॉप्स जास्त घातलेली कडवट एल) आंबा नावालाही नसतो. तो वास सिट्रा किंवा मोझॅक जातीच्या हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा. म्हणून तारे बघण्याआधी ती कोणती बिअर आहे ते बघा.

कोकम गोझबद्दलही तुम्ही विचारलंय. गोझ ही मूळची जर्मनीतल्या गोस्लारची, मीठ आणि धने घातलेली आंबट गव्हाची बिअर, कोकमाशी तिचं छान जमतं. गडबड होते ती आगळ वापरल्यावर, कारण आगळात मीठ असतंच. त्यावर पाककृतीप्रमाणे लिटरला आणखी ग्रॅमभर मीठ पडलं की घोट गिळवत नाही. ज्यांना ही बिअर 'खारट' लागली त्यांची तक्रार रास्त आहे. आगळ घेतला तर वरून मीठ नको, किंवा सरळ ताजी कोकमं घ्या.

स्ट्रॉबेरीचा रंग बिअरमध्ये टिकत नाही, फिकट पिंगट होतो. तेव्हा महिनाभरानंतरही ती लालबुंद दिसली तर रंग कशाचा ते विचारा. जांभळाला घशात खवखव राहणारच, तो त्याच्या तुरटपणाचा गुण. ज्यांना ती आवडत नाही त्यांनी अर्धा ग्लास आधी चाखून बघावा.

पुढच्या वेळी ग्राउलर घेताना दोन प्रश्न विचारा : फळ कधी घातलं, आणि टाकी कधी थंड केली? मध्ये पाच दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर तिथेच बसून प्या. ग्राउलरमधली हवा आधी सीओटूने (कार्बन डायऑक्साइड गॅसने) बाहेर काढून, तळापर्यंत नळी घालून भरायला सांगा. नुसता नळाखाली धरून भरला तर हवा शिरते आणि दोन दिवसांत आंबा शिळा लागतो. बर्फाची पिशवी सोबत न्या, बिअर दोन दिवसांत संपवा, उघडली तर त्याच दिवशी.

आणि असा संशयित ग्राउलर अजून घरात असेल तर रात्रभर फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. मग सिंकमध्ये उभा करा, जाड टॉवेल गुंडाळा, चष्मा घाला. झाकण पाव फेरा सैल करा, फेस वर चढला की बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा सैल करा. पाच-सहा वेळा असं केलं की दाब उतरतो. मुलांना तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर ठेवा.