आढीतल्या आंब्यावर कधी न पाहिलेली बुरशी दिसली, ती नवीनच आहे हे कसं ठरवतात?

खानापूरकडे आढीत घातलेले हापूस देठाकडून काळे पडून नासतायत, वर राखाडी कापसासारखं काहीतरी येतंय, ही नवीन बुरशी आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझं रोजचं काम याच रोगांचं आहे, म्हणून सांगते.

पहिला संशय जुन्याच बुरशीवर घ्या. देठाकडून सुरू होणारी कूज बहुतेक वेळा लॅसिओडिप्लोडियाची निघते. फळ झाडावर असतानाच ती देठात मुकाट बसलेली असते, फळ पिकू लागलं की उठते.

वरच्या कापसावरून मात्र काहीच ठरवू नका. नासलेल्या फळावर मागाहून कितीतरी बुरश्या येऊन बसतात. म्हणून आम्ही काळा भाग आणि चांगला गर जिथे भेटतात, तिथलाच तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतो, सौम्य ब्लीचमध्ये मिनिटभर बुडवून निर्जंतुक पाण्यात धुतो आणि बटाट्याच्या अगरवर (बुरशी वाढवण्यासाठी बशीत घट्ट केलेलं खाद्य) ठेवतो. लॅसिओडिप्लोडिया असेल तर दोन-तीन दिवसांत बशी पांढऱ्या धाग्यांनी भरते, मग राखाडी, शेवटी काळी होते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कोवळे बीजाणू बिनरंगी दिसतात. पिकलेले गडद तपकिरी, मधोमध पडदा आणि अंगावर उभ्या रेघा. एकदा पाहिले की विसरत नाहीत.

मग खरी कसोटी. ही शुद्ध वाढ निरोगी आंब्याला सुईने टोचून लावायची, शेजारच्या आंब्याला नुसता कोरा अगर. पहिल्यातच तशीच कूज आली आणि त्यातून तीच बुरशी पुन्हा मिळाली, तरच दोष तिचा. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखचा हा नियम आजही कुणाला टाळता येत नाही.

नाव डीएनएवरून पक्कं होतं. त्यात आयटीएस हा डीएनएचा एकच तुकडा वाचून 'नवीन' म्हणणारे अहवाल मला पटत नाहीत, जवळच्या जाती त्यावरून वेगळ्या पडत नाहीत. टीईएफ, बीटा-ट्युब्युलिन हे दुसरे जनुकांचे तुकडेही वाचावे लागतात. आंब्याच्या करप्याचंच बघा: कोलेटोट्रिकम ग्लिओस्पोरिऑइड्स या एका नावाखाली धरलेल्या गटात 2012 साली 22 जाती मानल्या गेल्या. आणि बातमीतली 'नवीन बुरशी' पुष्कळदा जगाला ठाऊक असलेलीच असते, फक्त त्या भागात किंवा त्या फळावर पहिल्यांदा सापडलेली.

तुमचे आंबे अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात दाखवा. पूर्ण नासलेले नकोत; नुकताच डाग पडलेले, देठासकट, कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत घाम येतो आणि भलत्याच बुरश्या माजतात. बागेचं गाव, तोडणीची तारीख, काय फवारलं होतं, तेही चिठ्ठीवर लिहा.