लॅपटॉप म्हणतो, डिस्कच नाही

प्रश्न : नमस्कार ताई, माझा लॅपटॉप सहा वर्षं जुना, जुन्या पद्धतीची २.५ इंची हार्डडिस्क आहे. परवा सॅकमध्ये घालून गाडीवरनं कराडहून साताऱ्याला नेला, तिथं चालू केला तर काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस'. चारपाचदा रीस्टार्ट केला, तेच. दुकानवाल्याने न उघडताच सांगितलं, हार्डडिस्क उडाली, एसएसडी (चिपवाली नवी डिस्क) टाका, डेटा विसरा. आत मुलीचे बारशापासूनचे फोटो आहेत आणि बॅकअप नाही, शिव्या घालू नका. खरंच गेली का?

उत्तर : शिव्या नाही घालत, तुम्ही स्वतःलाच घालून झाल्या असतील. पण न उघडता 'उडाली' म्हणणं मला पटत नाही. त्या मेसेजचा अर्थ एवढाच की कशावरून सुरू व्हायचं ते मशीनला सापडत नाहीये. डिस्क मेली, केबल सुटली, विंडोज बिघडलं किंवा बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग हलली, चारही वेळा मेसेज हाच येतो.

म्हणून आधी बायोसमध्ये डोकावा. चालू करताना डेल, लेनोवो, आसूस, एसरला बहुतेक एफ२ आणि एचपीला एफ१० दाबत राहायचं, आत माहितीच्या किंवा स्टोरेजच्या पानावर डिस्कचं मॉडेल दिसतंय का बघायचं. दिसलं तर निम्मी चिंता गेली, दोष बहुतेक विंडोजचा किंवा बूटच्या क्रमाचा, म्हणजे आधी कशावरून सुरू व्हायचं त्या यादीचा. नाही दिसलं तर एकतर केबल नाहीतर डिस्क.

आणि तुमच्या बाबतीत मला आधी केबलचाच संशय येतोय, कारण अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डाला कागदासारख्या पातळ पट्टीने जोडलेली असते आणि गाडीच्या हादऱ्यांनी ती सैल पडू शकते. माझ्या भावाच्या लॅपटॉपचं हेच झालेलं. उघडून बघितलं तर पट्टीचं एक टोक कनेक्टरमधून जेमतेम नखाएवढं तिरकं बाहेर आलेलं, वरचं बारीक काळं झाकण उघडं, पट्टी सरळ आत सरकवून झाकण दाबलं आणि मशीन जसं काही झालंच नाही असं चालू! तुम्ही उघडणार असाल तर चार्जर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सुटा करा, मगच हात घाला, आणि स्क्रू निघाले त्याच मांडणीने कागदावर चिकटवून ठेवा, कारण ते लांबआखूड असतात आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला की वरच्या बाजूला टेंगूळ येतं (अनुभव आहे).

एक मात्र करा, चालू करताना कान लावा. ठरावीक अंतराने कट... कट... असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि परत चालूच करू नका, आतलं हेड (डिस्क वाचणारी सुई) अडखळतंय, प्रत्येक वेळी फोटो आणखी जाण्याची भीती. मग थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे, खर्च मोठा येतो, आधी अंदाज विचारा. आणि कोणी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका, आत दव धरतं.

आवाज नसेल आणि केबल बसवूनही दिसत नसेल तर डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीने जोडता येईल अशा डबीत) घाला, साधी स्वस्त वस्तू आहे, आणि दुसऱ्या लॅपटॉपला लावा. विंडोज विचारेल 'फॉरमॅट करायचं का', तिथं कॅन्सल. 'इनिशियलाइज करायचं का', तिथंही कॅन्सल. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी की मागितली तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल. डिस्क उघडली की आधी फोटो कॉपी, दुरुस्तीबिरुस्ती नंतर.

प्रश्न : नवा लॅपटॉप विंडोजशिवाय घेतला. बायोसमध्ये एसएसडी दिसते, पण पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी! परत करू का? (नागपूर)

उत्तर : थांबा, परत नका करू. प्रोसेसर इंटेलचा, ११व्या पिढीचा किंवा पुढचा आहे ना? त्यात व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळणारी सोय बऱ्याचदा चालू असते आणि तिचा ड्रायव्हर (ती ओळखायला लागणारा छोटा प्रोग्राम) विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये असेलच असं नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या, फाइल उलगडून पेनड्राइव्हवर टाका (सेटअपची फाइल तशीच टाकलीत तर इन्स्टॉलरला काही दिसत नाही, इथंच बरेच जण अडकतात), मग 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा.

दुसरा रस्ता म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं. एसरच्या काही मॉडेलमध्ये तो पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर दिसतो. तुमची डिस्क कोरी आहे म्हणून चालेल, पण विंडोज आधीच असलेल्या मशीनवर हे केलं तर निळी स्क्रीन येऊ शकते. तशी कोणाला आली तर घाबरून फॉरमॅट मारू नका, सेटिंग परत चालू करा, विंडोज होतं तसं उघडेल.