वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल, जालन्याचं भंगार आणि क्लोरपायरीफॉस

प्रश्न : आमच्याकडे पन्नासेक वर्षांपूर्वीचा ट्रान्सफॉर्मर आहे. नवा बसवायचा आहे. भंगारवाला जुन्याच्या तेलाचे वेगळे पैसे देतो म्हणतो, पण एकाने ‘आधी पीसीबी तपासा, आंतरराष्ट्रीय करार आहे’ असं सांगितलं. करार सरकारांचा, त्यात आमच्या शेडचा काय संबंध?
— लघुउद्योजक, चिकलठाणा औद्योगिक वसाहत

उत्तर : आधी नावाचा घोळ मिटवू. हे पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड नव्हे आणि प्रदूषण मंडळही नव्हे. हे पॉलीक्लोरिनेटेड बायफिनाइल. सहजी पेट घेत नाही, तापून बिघडत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर बनवणाऱ्यांना ते फार आवडलं. हाच टिकाऊपणा पुढे नडला. मातीत सांडलं की वर्षानुवर्षं तिथंच राहतं, जनावराच्या चरबीत साठतं, दुधातून पुढे जातं. अशी न विरणारी घातक रसायनं हटवण्यासाठी २००१ साली झालेल्या स्टॉकहोम करारात पहिली जी बारा रसायनं धरली, त्यात हे आहे. भारताने २००६ साली कराराला मंजुरी दिली. एप्रिल २०१६ च्या केंद्राच्या आदेशाने पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद झाली आणि वापराला ३१ डिसेंबर २०२५ ची मुदत पडली. अशा टाकाऊ तेलाची नीट विल्हेवाट २०२८ पर्यंत लावायची, असं करार म्हणतो. सही दिल्लीने केली खरी, पण तेल तुमच्या शेडमध्ये आहे.

नेमप्लेट पुसून वाचा. अॅस्कारेल, अरोक्लोर, क्लोफेन, पायरॅनॉल, इनर्टीन यांपैकी काही दिसलं तर ते पीसीबीच समजा. ‘मिनरल ऑइल’ लिहिलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण गडबड होते ती फिल्टर मशीनमध्ये. एकच मशीन आज या कारखान्यात, उद्या त्या डीपीवर. होजमध्ये उरलेलं तेल पुढच्या टाकीत जातं. करारातली मर्यादा ५० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ५० भागांची आहे. ५०० लिटर तेलाचं वजन साधारण ४३५ किलो, त्यात ५० पीपीएम म्हणजे २२ ग्रॅम. पीसीबी पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड, म्हणून एवढं भरायला १५ मिली पुरतं. चहाचे तीन चमचे!

नमुना असा घ्या. वायरमनकडून लाइन पूर्ण बंद करून घ्या. हातात नाइट्राइलचे मोजे घाला, साधे रबरी चालत नाहीत. तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह पुसा, सुरुवातीचं अर्धा-एक लिटर तेल वेगळ्या डब्यात सोडा, कारण त्यात गाळ आणि पाणी असतं. मग गडद काचेच्या, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाच्या बाटलीत नमुना भरा. पाण्याची प्लास्टिक बाटली नको. बाटलीवर सिरियल नंबर आणि तारीख टाका.

पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून बघायची युक्ती अनेकांना ठाऊक असते. साधं तेल तरंगतं, अॅस्कारेल बुडतं. पण ती फक्त निव्वळ अॅस्कारेल पकडते, ३०० पीपीएमचं तेलही आरामात तरंगेल. बाजारातलं किट पीसीबी मोजत नाही, क्लोरीन मोजतं. घामाच्या हाताचं मीठ लागलं तरी ते ‘आहे’ म्हणू शकतं. म्हणून किटने ‘नाही’ म्हटलं तर विश्वास ठेवा, ‘आहे’ म्हटलं तर प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर खात्री करा.

आकडा ५० च्या वर आला तर तेल काढूच नका. ट्रान्सफॉर्मर छपराखाली, सगळं तेल मावेल एवढ्या लोखंडी ट्रेमध्ये ठेवा, पाटी लावा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. घातक कचरा नव्वद दिवसांहून जास्त साठवता येत नाही आणि तो नेताना मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचा कागद (फॉर्म १०), लागतो. भिलाई पोलाद कारखान्यात युनिडो या संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेच्या मदतीने अशा तेलासाठी केंद्र उभारलं आहे. तिथे किंवा दुसरीकडे, तुमचा माल कुठे जायचा ते मंडळाकडून लेखी घ्या.

‘तेल बदललं, काम झालं’ ही सर्रास होणारी चूक. वाइंडिंगचा कागद आणि लाकूड तेल पिऊन बसलेलं असतं, ते हळूहळू नव्या तेलात उतरतं. बदलल्यावर नव्वद दिवस लोडवर चालवून पुन्हा तपासायचं. आणि भंगारवाल्याच्या त्या वेगळ्या पैशांचं : तपासणीआधी तेल विकलं तर ते वेल्डिंग मशीनमध्ये भरलं जाईल, नाहीतर वाळवी लागू नये म्हणून कुणाच्या चौकटी-दारांना फासलं जाईल.

प्रश्न : डायॉक्सिन तर कुणी बनवत नाही. मग भट्टीवाल्यांना करारात का ओढतात?
— जालना

उत्तर : डायॉक्सिन हे जळताना तयार होणारं क्लोरीनयुक्त विषारी रसायन. ते कुणी बनवत नाही, बनतं. म्हणूनच करारात नकळत तयार होणाऱ्यांची वेगळी यादी आहे आणि धातू वितळवणाऱ्या भट्ट्या, तांब्याच्या केबल जाळणं हे सगळं तीत येतं. कार्बन, क्लोरीन आणि थोडं तांबं एकत्र आलं, धूर २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला, की राखेच्या कणावर डायॉक्सिन जुळतं. म्हणजे दोष वितळवण्याच्या तापमानात नाही. धूर गार होताना लागणाऱ्या वेळात तो आहे.

यार्डातच निम्मं काम होतं. पीव्हीसीची केबल, जुने कपॅसिटर, ट्यूबलाइटचे जुने चोक, तेलकट टर्निंग-बोरिंग (लेथचा धातूचा कीस) बाजूला काढा. केबल जाळू नका, सोलून घ्या. भंगार आधी धुरावर तापवून वीज वाचवायची सोय असेल तर जास्त सावध राहा, कारण तिथे तेल आणि रंग मंद आचेवर धुमसतात. त्या धुराला ८५० अंशांवर दोन सेकंद मिळाले पाहिजेत आणि मग तो झटकन २०० च्या खाली आला पाहिजे. धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरची धूळ घातक कचऱ्यात मोजा. ती खड्डे बुजवायला देऊ नका.

प्रश्न : क्लोरपायरीफॉसवर जगभर बंदी आली म्हणतात. दुकानातला माल परत करू का? आणि हे ठरवतं कोण, कंपन्याच ना?
— कृषी सेवा केंद्र चालक, परभणी

उत्तर : मे २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत हे कीडनाशक स्टॉकहोम करारात आलं, पण काही वापरांना सवलत ठेवून. शिवाय यादीत भरलेलं नवं रसायन भारताला आपोआप लागू होत नाही. सरकारने त्यापुरती स्वतंत्र मंजुरी दिली तरच. त्यामुळे त्या बैठकीपायी माल परत करायला नको. मोठा साठा मात्र करू नका. २०२० च्या केंद्राच्या मसुद्यात बंदीसाठी सुचवलेल्या २७ कीडनाशकांत ते होतंच. एंडोसल्फान हे कीडनाशक आठवा : १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि उत्पादन, विक्री, वापर एका दिवसात थांबलं.

ठरवण्याचं म्हणाल तर आधी ३१ तज्ज्ञांची समिती बसते. तिच्या कसोट्या ठरलेल्या आहेत, उदाहरणार्थ पाण्यात अर्ध-आयुष्य (निम्मं विरायला लागणारा वेळ) दोन महिन्यांहून किंवा मातीत सहा महिन्यांहून जास्त आहे का. पुढचा निर्णय सदस्य देशांच्या परिषदेत होतो. उद्योगसंघटना निरीक्षक म्हणून बसतात, बोलतात, पण मत देत नाहीत. त्यांचं खरं वजन कागदात असतं. उत्पादन किती, कुठे जातं, पर्यायाचा खर्च किती, हे आकडे बहुतांशी त्यांच्याचकडून येतात आणि सवलती त्यांवर बेतल्या जातात. आकडे उशिरा दिले की निर्णय उशिरा. उलट उदाहरणही आहे. पीएफओएस हे डाग न लागू देणाऱ्या लेपांतलं रसायन थ्रीएम कंपनीने २००० सालीच बंद करायचं जाहीर केलं, करारात ते आलं २००९ मध्ये. बनवणाऱ्यांच्या हाती माहिती किती आधी असते, ते या नऊ वर्षांवरून समजून घ्या.

दुकानापुरतं : लेबलवर जे पीक आणि जी कीड छापली आहे त्याबाहेर शिफारस करू नका आणि बिलावर बॅच नंबर लिहा. उद्या माल परत करायची वेळ आली तर कंपनी आधी तोच मागेल.