दप्तरं नकोत, ताईचं मानधन द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहून दरवर्षी पन्नासेक हजार रुपये बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी द्यायचेत, तर दप्तरं-वह्या वाटाव्यात, की मुलाचा फोटो आणि पत्रं पाठवणाऱ्या ‘एक मूल दत्तक’ योजनेत नाव घालावं? अकरा हंगाम या कामात काढलेत, म्हणून सरळच सांगतो, दोन्ही नको. त्याऐवजी गावात घरोघरी फिरून मुलांना मागं ठेवायला घरं तयार करणाऱ्या आमच्या ताईसारख्या कार्यकर्तीचं मानधन द्या.

दप्तरांचं पाप आम्हीही केलंय. पहिल्याच वर्षी शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर ऐंशी दप्तरं वाटली. हार, फोटो, सरपंचांचं भाषण, सगळं यथासांग. जानेवारीत सातारा भागात साखर कारखान्याच्या तळावर, म्हणजे ऊसतोडीला आलेली कुटुंबं राहतात तिथं, गेलो, तर त्यातलंच एक दप्तर कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, मेढीला लटकलेलं. आत मिठाची पुडी, मिरच्या आणि बाळाच्या तापाचं औषध. ज्या चौथीतल्या पोरीला ते दिलं होतं, ती धाकट्या भावाला काखेत घेऊन चुलीपाशी बसली होती. आईबाप पहाटे तीनलाच उसाच्या फडात गेलेले. “शाळा?” विचारलं, तर म्हणाली, “ह्याला कोण घेईल?”

सगळं तिथं अडतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एकच जोडी. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते ती दोघांच्या जिवावर, त्यामुळे आईला मागं राहता येत नाही. तान्हं मूल आईसोबत जातं आणि तान्ह्याला सांभाळायला थोरली बहीण. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, कोपीतलं बाळ दहा महिन्यांचं. पाळणाघर नसेल तर पोरगी शाळेत जात नाही, मग दप्तर कितीही भारी द्या.

सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, आणि ती योजना मला मनापासून पटते. मूल आपल्याच गावात राहतं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतं, तिथंच दोन वेळा जेवतं, बऱ्याच गावांत झोपायला आजीकडे जातं. अनुदान उशिरा येतं आणि तोवर किराणा उधारीवर चालतो, हे आहेच. पण मूल मागं ठेवायला घर तयार कोण करणार? ते काम आमची ताई करते. दसऱ्याच्या आधी ती घरोघरी फिरते, कुणी उचल घेतली, कोण निघणार, आजी धडधाकट आहे का, याची वही ठेवते. आजीचं उत्तर ठरलेलं: “पोरगा ठिवते की. पोरीला रातीचं कोण बघंल?” एका घरी ताई दोन वर्षं जात राहिली, तिसऱ्या वर्षी पोरगी मागं राहिली. याचा फोटो कसा काढणार, सांगा.

जी मुलं जातातच, त्यांना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारा कागद, मिळवून द्यायचं, तळाजवळच्या शाळेतल्या गुरुजींना फोन करायचा, पहिले चार दिवस मुलांना सोबत घेऊन जायचं. टोळी कर्नाटकात गेली की पंचाईत, तिथल्या बहुतेक शाळा कानडी.

देणगीदार विचारतात, “पगारात किती जातात?” जणू चोरीच पकडलीय. अहो, ताईचा पगार हेच तर काम आहे.

‘एक मूल’ योजनेचं म्हणाल, तर एका कोपीतल्या तीन भावंडांपैकी एकालाच लिफाफा येतो आणि बाकीची दोघं बघत बसतात. पत्र बहुतेकदा कुणीतरी सांगून लिहून घेतलेलं. शिवाय संस्थेने मुलाचा चेहरा, नाव, गाव इंटरनेटवर टाकलेलं दिसलं की मी तिथूनच परत फिरतो. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख चौकशीच्या किंवा खटल्याच्या बातमीतही उघड करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याने मनाई केलीय.

पैसे पाठवण्याचं नीट समजून घ्या. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर साध्या बँकेतून पाठवा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी ती परकीय देणगी ठरते. ती फक्त एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेला, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते. 2020 पासून अशी संस्था ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देऊही शकत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेला देऊन खालच्या छोट्या गटाला पोचवू, हा मार्ग बंद. भावाच्या खात्यातून फिरवायचा विचार तर करूच नका, अडचणीत ती छोटी संस्था येते.

संस्था निवडताना एवढंच विचारा: मागच्या हंगामात किती मुलं गावात राहिली, त्यात मुली किती, आणि त्यातली किती वार्षिक परीक्षेला बसली? आकडा लगेच सांगितला तर ठीक. अल्बम पुढे केला तर दुसरीकडे बघा.

आणि एक. तिकडे तुम्ही लोक कराच्या हिशेबाने डिसेंबरअखेर देणग्या देता. तोवर आमचा निम्मा हंगाम उलटलेला असतो, पोरं फडावर पोचलेली असतात. ऑगस्टअखेर पाठवा, म्हणजे ताईची नेमणूक गाड्या भरायच्या आत होईल.