बर्फाळ चंद्रांसाठी केमिस्ट्री सोडायची गरज नाही

ताई, तुमचा मेल मिळाला. मुलगी एसवाय बीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेतलीय, आणि आता तिच्या डोक्यात युरोपा (गुरूचा बर्फाळ चंद्र) नि प्लूटोवरच्या बर्फात नक्की काय काय आहे ते शोधायचं बसलंय, म्हणून तुम्ही विचारताय की वर्ष वाया घालवून तिला फिजिक्सला टाकू का. अजिबात नको!

अहो हे काम केमिस्ट्रीचंच आहे, फक्त सॅम्पल हातात येत नाही एवढंच. सूर्याचा प्रकाश बर्फावर पडून परत येतो त्यातले ठरावीक रंग गायब झालेले असतात, पाण्याचा बर्फ दीड आणि दोन मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड (आयआर) प्रकाश खातो, मिथेनच्या खुणा वेगळ्या. प्लूटोवरचा मिथेन १९७६ मध्ये असाच पृथ्वीवर बसून सापडला. पण खूण दिसली तरी ती कशाची हे लॅबशिवाय कळत नाही. युरोपावर पिवळट पट्टे आहेत ना, तर २०१५ मध्ये नासाच्या लॅबमध्ये साधं मीठ, आपलं खायचं, व्हॅक्यूममध्ये गार करून त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा केला तर ते पिवळं पडलं! मग २०१९ मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीने तीच खूण, ४५० नॅनोमीटरजवळची, युरोपावर पकडली, आणि त्या पेपरची पहिली लेखिका सामंथा ट्रम्बो तेव्हा पीएचडीच करत होती.

आपल्याकडे अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) असले बर्फ लॅबमध्ये बनवून त्यांचे स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला रंग किती गायब झाला त्याचे आलेख, घेतात. तिने फिजिकल केमिस्ट्री आणि स्पेक्ट्रोस्कोपी घट्ट करावी, गणित सोडू नये (केमिस्ट्रीवाले इथेच मार खातात), पायथन शिकावं, टीवायला जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) द्यावी, पुढे पीएचडीसाठी नेट किंवा गेट. कॅसिनी यानाने शनीच्या चंद्रांचे घेतलेले स्पेक्ट्रम नासाच्या साइटवर फुकट आहेत, सुट्टीत त्यातला एक उघडून बसली तर आवड खरी की यूट्यूबची ते तिलाच कळेल.

पैशाचं स्पष्टच सांगते, पीएचडी धरून अजून आठ-नऊ वर्षं, जेआरएफ (पीएचडीची सरकारी फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, पण पुढे कायमच्या जागा फार कमी, पोस्टडॉकला (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) बहुतेक परदेशी जावं लागतं. एमएस्सीनंतर मन बदललं तरी आयआर-यूव्ही मशीन हाताळणाऱ्याला औषध कंपन्यांत काम मिळतं. आणि नासाचं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूपाशी पोचतंय, त्यानंतरच्या वर्षांत ही पीएचडीच्या ऐन भरात असेल.

तिच्या कॉलेजात आयआर मशीन चालू आहे का आणि मुलांना हात लावू देतात का, तेवढं विचारून मला कळवा.