'द हाऊस ऑफ सू' पाहिली. बहिणीच्या शब्दाखातर भाऊ खून करतो, ही कसली कुटुंबनिष्ठा?

आयरिस शिम यांची २०१० सालची ही डॉक्युमेंटरी मी दोनदा पाहिली आहे. शिकागोतल्या अँड्र्यू सूने मोठी बहीण कॅथरीनच्या सांगण्यावरून तिच्याच जोडीदाराचा खून केला, त्याची ही खरी गोष्ट. एवढा हुशार, कॉलेजात शिकणारा मुलगा बहिणीच्या सांगण्यात येतोच कसा, असा प्रश्न ती पाहणाऱ्याला पडतोच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. दुसऱ्यांदा पाहताना जाणवलं, की बहिणीचं म्हणणं खरं का खोटं हे विचारावं असं त्याच्या घरात दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

सू कुटुंब १९७६ साली कोरियातून शिकागोला आलं. अँड्र्यू तेव्हा दोन वर्षांचा होता. वडील कॅन्सरने गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा. पुढे १९८७ साली आईचा तिच्याच ड्रायक्लीनिंगच्या दुकानात भोसकून खून झाला. तेराव्या वर्षी पोरका झालेल्या या मुलाची पालक झाली कॅथरीन, त्याच्याहून काहीच वर्षांनी मोठी.

त्या काळी अमेरिकेत आलेल्या कितीतरी कोरियन कुटुंबांनी ड्रायक्लीनिंगचीच दुकानं टाकली. इंग्रजी जेमतेम येत असलं तरी चालतं आणि घरातली सगळी माणसं राबली की पगारी नोकर लागत नाही. भांडवलासाठी त्यांची 'के' असायची, म्हणजे आपली भिशीच. मी शिकागोच्या एका उपनगरात तीन वर्षं नोकरीला होतो. शर्ट धुवायला टाकायचो ते दुकान एका कोरियन बाईंचं होतं. त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी गृहपाठाची वही बाजूला सारून, माझ्या कॉलरवरचा डाग कशाचा आहे ते आईला समजावून सांगायची आणि पावतीही स्वतःच लिहायची. अशा घरांत बाहेरच्या जगाशी बोलणं मोठ्या मुलांकडेच येतं. धाकटं भावंड वाढतं ते त्यांच्याच तोंडून जग ऐकत.

कोरियन घरात धाकटा भाऊ मोठ्या बहिणीला नावाने हाक मारत नाही, 'नूना' म्हणतो. आपल्याकडे ताई म्हणतात तसंच. आणि परंपरेने वडिलांमागे मुलगा घरचा कर्ता. पूर्वजांचं 'जेसा', म्हणजे आपल्या श्राद्धासारखा विधी, तोही मुलानेच करायचा. वडिलांची जागा घ्यायची आणि नूनाचा शब्दही मोडायचा नाही, ही दोन्ही ओझी एकाच पोराच्या डोक्यावर होती. माझे वडील मी नववीत असताना गेले. प्रगतिपुस्तकावर सही ताईच करायची, त्यामुळे हे मला फार आतून कळतं. ताई खोटं बोलत असेल, असा विचार त्या वयात माझ्या मनाला शिवलाही नसता.

कॅथरीनने त्याला सांगितलं, की आईला रॉबर्टने मारलं. रॉबर्ट ओ'डुबेन हा तिचाच जोडीदार, तिच्याच घरात राहणारा. सप्टेंबर १९९३ मध्ये गाडी बंद पडल्याचा बहाणा करून तिने रॉबर्टला फोनवर बोलावून घेतलं. तो गाडी काढायला गॅरेजमध्ये आला आणि तिथे दबा धरून बसलेल्या अँड्र्यूने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. एकोणीस वर्षांच्या त्या पोराला वाटत होतं, आपण आईचा सूड घेतोय. रॉबर्टचा अडीच लाख डॉलरचा विमा होता, हा मुद्दा खटल्यात आला.

म्हणून मी याला नुसती निष्ठा म्हणायला कचरतो. भावाची निष्ठा खरीच होती, पण बहिणीने ती वापरून घेतली. हे म्हणताना रॉबर्टला विसरायचं नाही. त्याच्यावर कुठलाही आरोप सिद्ध झाला नव्हता, आणि त्याच्यामागेही घरदार होतंच. अँड्र्यूबद्दल कळवळा वाटला तरी त्याने माणूस मारला, हे कमी होत नाही.

कॅथरीन खटल्याआधी हवाईला पळाली, पुढे शरण आली. तिला पॅरोलविना जन्मठेप झाली. अँड्र्यूला शंभर वर्षांची शिक्षा झाली, नंतर ती ऐंशीवर आली आणि जानेवारी २०२४ मध्ये तो सुटला, सुमारे तीस वर्षं आत काढून. कोरियात तुरुंगातून सुटलेल्याला पहिला घास टोफूचा देतात, पांढऱ्या शुभ्र टोफूसारखं पुढचं आयुष्य निर्मळ असावं म्हणून.

आईला कॅथरीननेच मारलं असावं, असं आता त्याला स्वतःलाच वाटतं. त्या खुनासाठी मात्र आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.